जुन्या मोटारींचा खारा हिवाळा

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सूर्य उगवण्याच्या सुमारास, लंडनच्या हाइड पार्कमधून १९०५ सालापूर्वी बनलेल्या मोटारी एकामागून एक ब्रायटनच्या दिशेने निघतात. अंतर सुमारे ९६ किलोमीटर. यांतील अनेक गाड्यांना छप्पर नाही, समोर काच नाही. पाऊस आला तर चालक आणि प्रवासी भिजतच पुढे जातात. ब्रिटनमध्ये मोटारगाडीपुढे माणूस चालवण्याची सक्ती १८९६ साली रद्द झाली आणि वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली. त्याच्या स्मरणार्थ ही फेरी काढली जाते. जुन्या मोटारींच्या हौशी जगात हा रविवार हंगामाची अखेर मानला जातो. त्यानंतर बहुसंख्य गाड्यांवर आच्छादन पडते, ते मार्च-एप्रिलपर्यंत निघत नाही.

सगळ्याच गाड्यांच्या नशिबी मात्र ही विश्रांती नसते. मॉरिस मायनर, मूळची मिनी, फोक्सवागन बीटल, ट्रायम्फ हेरल्ड अशा साठेक वर्षांच्या गाड्या आजही तेथे काही जण रोजच्या वापरात ठेवतात. काहींची ती हौस असते, काहींकडे दुसरी गाडीच नसते. मराठी वाचकाला ही घराणी परकी नाहीत. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आपली अँबेसेडर घडली, फियाट ११०० वरून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी आणि हेरल्डवरून मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड. गारठ्याच्या सकाळी चोक ओढून सेल्फ मारायचा, तो घरघरून थकला की शेजारच्या चौघांना हाक मारून धक्का द्यायचा, हा अनुभव महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या गाठीशी आहे.

अशा गाडीचा हिवाळा म्हटला की पहिला प्रश्न हाच निघतो, की ती सकाळी सुरू होईल का? वास्तविक हा प्रश्न सोपा आहे. त्याची उत्तरे या गाड्या नव्या होत्या तेव्हाच सापडली होती. अवघड प्रश्न दुसरा आहे आणि तो गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. हिवाळाभर एकदाही दगा न देता सुरू होणारी गाडी त्याच हिवाळ्यात खालून संपत असू शकते.

सकाळची पहिली कसोटी

१९६२-६३ चा हिवाळा मध्य इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सर्वांत थंड हिवाळा ठरला. जानेवारी १९६३ चे तेथील सरासरी तापमान शून्याखाली २.१ अंश सेल्सिअस होते. आज ज्यांना आपण क्लासिक म्हणतो त्या गाड्या तेव्हा रोजच्या गाड्या होत्या आणि त्या बर्फातून माणसे कामावर जात-येत होती. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, मिनी कूपरने ऐन जानेवारीत होणारी मोंटे कार्लो रॅली जिंकली. १९६५ आणि १९६७ सालीही तिनेच बाजी मारली. त्याच सुमारास अमेरिकेत बीटलच्या एका प्रसिद्ध जाहिरातीत बर्फ उपसणाऱ्या यंत्राचा चालक बीटलमधून कामावर जाताना दाखवला होता. थंडी सोसण्याची ताकद या यंत्रांत मुळातच होती.

तरीही थंडीने काही अडचणी होतात, आणि त्या समजून घेतल्या तर त्यांची भीती उरत नाही. पहिली बॅटरीची. शिशाच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. शून्य अंशाच्या आसपास तिची स्टार्टर फिरवण्याची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. नेमक्या त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट झालेले असते, म्हणजे फिरवायला अधिक जोर लागतो. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. पूर्वी उन्हाळ्याचे तेल वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असा प्रकार होता. पुढे २०-डब्ल्यू-५० सारखी बहुश्रेणी तेले आली. ती थंडीत पातळ राहतात आणि तापल्यावर फार पातळ होत नाहीत. मिनीच्या काळातील ब्रिटिश इंजिनांना हेच तेल आजही मानवते. सुरुवातीची बरीच वर्षे बीटलला ६ व्होल्टची बॅटरी असे. तिची तार थोडी जरी गंजली किंवा सैल झाली तरी स्टार्टर फिरत नाही. तेव्हा नवी बॅटरी आणण्याआधी तारांची टोके घासून घट्ट करणे आणि बॅटरीतून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी तपासणे, हा पाच मिनिटांचा उद्योग आधी करावा.

दुसरी अडचण डायनॅमोची, आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. आजच्या गाडीत अल्टरनेटर असतो. तो इंजिन संथ चालू असतानाही वीज देतो. जुन्या डायनॅमोला वेग लागतो. साठच्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांत जो डायनॅमो असे त्याची कमाल क्षमता सुमारे २२ अँपिअर. आता हिवाळ्यातील एक संध्याकाळ घ्यावी. ब्रिटनमध्ये डिसेंबरात चार वाजता अंधारते. पुढचे दोन दिवे सात-आठ अँपिअर घेतात, मागचे दिवे दोनेक, इग्निशन तीन-चार, वायपर दोन-तीन, हीटरचा पंखा तितकेच. बेरीज क्षमतेच्या अगदी जवळ जाते. आणि गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा डायनॅमो जवळपास काहीच देत नसतो. त्या वेळी सगळा भार बॅटरी उचलते. आठवडाभर असे छोटे छोटे प्रवास झाले की शुक्रवारी सकाळी गाडी मुकी होते आणि दोष बॅटरीला दिला जातो. काही मालक म्हणूनच अल्टरनेटर बसवतात. जे मूळ रूपाचा आग्रह धरतात ते रात्री बॅटरीला चार्जर लावून ठेवतात. रोज वापरायच्या गाडीत पहिला मार्ग शहाणपणाचा. बॉनेटच्या आतली शुद्धता भर बर्फात रस्त्याच्या कडेला अडकलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.

पाण्याविषयी मात्र हयगय चालत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ते ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये गोठले तर ब्लॉकला तडा जातो, आणि साठ वर्षांपूर्वीचा ब्लॉक बाजारात सहज मिळत नाही. यावर उपाय इथिलीन ग्लायकॉलचा. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली ३७ अंशांच्या आसपास गोठते. जास्त घातले तर आणखी चांगले, हा समज चुकीचा आहे. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारासच गोठते. दोघांच्या मिश्रणातच खरा गुण आहे. त्यातील गंजरोधक द्रव्ये काळाबरोबर संपतात, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे लागते. जुन्या गाडीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आणि डाक दिलेले असते. त्याला जुन्या पद्धतीचे, बहुधा निळ्या रंगाचे कूलंट मानवते. दीर्घायुषी म्हणून विकली जाणारी नव्या पद्धतीची काही कूलंट डाकाला आणि जुन्या पॅकिंगला बाधतात. आणखी एक, ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. ते बदलताना अंगणात सांडले तर मांजर-कुत्र्यांच्या जिवाशी गाठ असते. बीटलला ही चिंता नाही, कारण तिचे इंजिन हवेने थंड होते. बीटलवाले हे दर हिवाळ्यात न चुकता ऐकवतात.

तिसरी अडचण मौजेची आहे. कडाक्याच्या थंडीत नीट चालणारी गाडी ४-५ अंशांच्या ओलसर सकाळी, घरून निघाल्यावर काही मैलांतच गचके खाऊ लागते आणि बंद पडते. मालक बॉनेट उघडतो, काही सापडत नाही, दहा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू होते. याचे कारण कार्ब्युरेटरमध्ये जमलेला बर्फ. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. माठातील पाणी गार होते त्याच न्यायाने कार्ब्युरेटरचा गळा हवेपेक्षा कितीतरी थंड होतो आणि हवेतील बाष्प तेथे हिम होऊन साचते. इंजिनचा श्वास कोंडतो. गाडी थांबली की इंजिनची ऊब वर चढते, बर्फ वितळतो आणि पुरावा नाहीसा होतो. खूप थंड हवेत बाष्पच कमी असते, म्हणून तेथे हा त्रास कमी. जुन्या उत्पादकांना हे ठाऊक होते. त्यामुळे अनेक गाड्यांच्या एअर क्लीनरचे तोंड फिरवता येते. हिवाळ्यात ते सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळाकडे वळवायचे, उन्हाळ्यात दूर. साठ वर्षांत गाडी पाच-सहा हातांतून गेली की हे तोंड फिरते हेच कोणाला माहीत नसते.

मिनीच्या जन्मकथेतही या बर्फाचा वाटा सांगितला जातो. अलेक इसिगोनिस यांच्या प्रायोगिक गाडीत कार्ब्युरेटर पुढच्या बाजूला होता. गारठ्यात तो गोठे. पुढे इंजिन उलट फिरवून बसवण्यात आले. त्यामागे आणखीही कारणे होती. कार्ब्युरेटर मागे गेला, उबेला आला. पण मग डिस्ट्रिब्युटर जाळीच्या थेट मागे, पावसाच्या माऱ्यात आला. १९५९ साली गाडी बाजारात आल्यावर जोराच्या पावसात ती बंद पडू लागली. ब्रिटिश गृहस्थांनी यावर शोधलेला तोडगा स्वयंपाकघरातला होता. भांडी घासण्याचा रबरी हातमोजा घ्यायचा, त्याची बोटे कापून त्यांतून प्लगच्या तारा बाहेर काढायच्या आणि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा. हा उपाय आजही चालतो.

मीठ आणि लोखंड

आता खऱ्या शत्रूकडे वळायला हवे. रस्त्याचा पृष्ठभाग गोठण्याचा अंदाज आला की ब्रिटनमधील स्थानिक प्रशासने रात्रीच मीठ पसरणाऱ्या गाड्या बाहेर काढतात. हे मीठ खाणीतले असते. चेशायरमधील विन्सफर्ड येथील खाण १८४४ पासूनची आहे. तेथील मीठ मातीमुळे तपकिरी दिसते. दर चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम, मोठा बर्फ येणार असेल तर ४० ग्रॅमपर्यंत ते टाकले जाते. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो, म्हणून रस्त्यावर बर्फाचा थर धरत नाही. माणसांचे प्राण वाचवणारी ही व्यवस्था आहे आणि तिला पर्याय नाही. पण रस्त्यावरून उडणारे तेच खारे पाणी गाडीच्या पोटात जाते.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतात, हे शाळेत शिकवले जाते. मीठ तेथे दोन कामे करते. गंज ही मुळात विजेची क्रिया आहे. पत्र्याच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे प्रवाह वाहतो आणि मिठाचे पाणी त्याला वाट करून देते. शिवाय मिठातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर टिकू देत नाही. परंतु याहून महत्त्वाची बाब मिठाच्या ओलावा धरण्याच्या स्वभावात आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तेच हे. ब्रिटनच्या हिवाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ७५ च्या वर असते. याचा अर्थ असा, की दाराखालच्या पेटीसारख्या पोकळीत मूठभर मीठ अडकले तर तो पत्रा पाऊस नसतानाही, गाडी उभी असतानाही, ओलाच राहतो.

मुंबई आणि कोकणात मीठ रस्त्यावर टाकावे लागत नाही, समुद्राचा वारा ते आणतो. पद्मिनीच्या पायदानाखालील पत्रा कुजून धावता रस्ता दिसू लागल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांनी या रसायनशास्त्राचा निकाल आधीच पाहिलेला आहे. पुण्या-नागपूरची तीच गाडी त्या मानाने कमी कुजते.

मायनर १९४८ साली आली. दशलक्षाचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. एकूण १६ लाखांहून अधिक बनल्या. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून तिचे अंगच सांगाड्याचे काम करते. त्यामुळे दाराखालची पेटी, मागचे पाटे जेथे टांगले आहेत ती जागा, पुढच्या निलंबनाचा आडवा पट्टा हे सगळे भार वाहणारे अवयव आहेत. बाहेरून चकचकीत रंग असलेली पेटी आतून कागदासारखी झालेली असू शकते, कारण गंज आतून बाहेर येतो. रंगाखाली पहिला फोड दिसतो तेव्हा आतले काम बहुधा आटोपलेले असते. मायनरच्या ट्रॅव्हलर प्रकारात तर मागच्या भागाचा लाकडी सांगाडा हा केवळ शोभेचा नाही, तो खरोखर भार पेलतो. ओल त्यालाही कुजवते.

यावर जुना उपाय म्हणजे खालून डांबरासारखा जाड लेप फासणे. तो लेप ताजा असेतो ठीक. काही वर्षांनी तो कडक होतो, भेगाळतो आणि भेगेतून शिरलेले खारे पाणी लेप आणि पत्रा यांच्यामध्ये कोंडून ठेवतो. बाहेरून सारे काळे आणि निगुतीचे दिसत असते. त्याऐवजी मेणयुक्त किंवा लोकरीच्या चरबीपासून बनवलेले द्रव पातळ नळीने पोकळ पेट्यांच्या आत फवारणे अधिक भरवशाचे. ते कडक होत नाही, भेगेत स्वतःहून सरकते. मात्र हे काम कोरड्या, उबदार दिवशी, म्हणजे हिवाळ्याच्या आधी करावे लागते. ओल्या पत्र्यावर मेण फासणे म्हणजे ओल आत बंद करणे.

पेट्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके ठेवलेली असतात. चिखल, पाने आणि मागच्या कोणा उत्साही मालकाचा लेप यांनी ती बुजतात. महिन्यातून एकदा जाड तार घालून ती मोकळी करणे हा बहुधा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय असावा. दुसरे काम धुण्याचे. मिठाच्या रस्त्यावरून आल्यावर गाडी वरून धुऊन काही साधत नाही. चाकांच्या कमानी आणि पोट साध्या नळाच्या पाण्याने, भरपूर आणि सावकाश, धुवावे. फार जोराचा फवारा उलट मीठ सांध्यांत आत ढकलतो. ग्रीसचेही तेच. मायनरच्या पुढच्या चाकाचा भार पेलणारे आटेदार सांधे नियमित ग्रीस मागतात. ग्रीस आत गेले की खारे पाणी बाहेर पडते. ते कोरडे राहून झिजले तर सांधा निखळतो आणि चाक गाडीखाली मुडपते.

सर्वांत मोठा धोका मात्र बोटापेक्षा बारीक नळीत आहे. पायाच्या ब्रेकचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या नळ्या पोलादी असतात. मायनरमध्ये आणि सुरुवातीच्या मिनीत ब्रेकचे मंडल एकच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र व्यवस्था नाही. म्हणजे एक नळी मिठाने खाऊन फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हाती फक्त हँडब्रेक उरतो. नळी नेमकी कधी फुटते? जेव्हा तिच्यात दाब सर्वाधिक असतो तेव्हा, म्हणजे चालकाने जीव तोडून ब्रेक दाबलेला असतो त्या क्षणी. त्यातच मायनरचा मुख्य ब्रेक सिलिंडर चालकाच्या पायाखाली, सांगाड्याच्या पेटीत दडलेला आहे. तेथे पाहणे गैरसोयीचे, म्हणून पाहिले जात नाही. ब्रेकचे तेल स्वतः हवेतील पाणी शोषते आणि सिलिंडरला आतूनही गंजवते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. पोलादी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या बसवल्या तर मीठ त्यांना फारसे खात नाही. सगळ्या हिवाळी खर्चांत एकच खर्च परवडत असेल तर तो हाच करावा.

येथे कायद्याचा एक बदल ध्यानात घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या वाहनांची सक्तीची तांत्रिक तपासणी सुरू झाली. त्या तपासणीत ब्रेक, सुकाणू, निलंबन आणि आसनपट्टे जेथे सांगाड्याला जोडलेले असतात तेथून ३० सेंटिमीटरच्या आत भार वाहणारा पत्रा कुजलेला आढळला तर गाडी नापास होते. नोव्हेंबर २०१२ पासून १९६० पूर्वीच्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली. २० मे २०१८ पासून ही सूट ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या सर्व मोटारींना लागू झाली. जुन्या गाड्या वर्षाकाठी फार थोड्या धावतात आणि त्यांचे मालक त्यांची काळजी घेतात, असा त्यामागचा विचार. बहुतेकांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु जी मायनर जानेवारीत रोज मिठातून धावते, तिला हा विचार लागू पडत नाही. रस्त्यावरील गाडी सुस्थितीत असण्याची जबाबदारी मालकावर कायम आहेच. फक्त वर्षातून एकदा गाडी उचलून खाली दिवा धरणारा परका डोळा सक्तीचा राहिला नाही. स्वेच्छेने तपासणी करून घेण्याची मुभा आहे. हिवाळी वापराच्या गाडीने ती घेणेच योग्य, आणि तीही हिवाळा संपल्यावर.

उभी गाडी

मग गाडी हिवाळाभर उभीच ठेवावी का? ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर ठेवावी; परंतु उभी गाडीही आपोआप टिकत नाही. येथे सर्वांत जास्त घडणारी चूक प्रेमापोटी होते. दर रविवारी मालक गॅरेजमध्ये जातो, इंजिन सुरू करतो, दहा मिनिटे त्याचा आवाज ऐकून समाधानाने बंद करतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पूर्ण तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. दहा मिनिटांत ते तापत नाही, म्हणून पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलाच्या टाकीत उतरते. चोकमुळे न जळलेले पेट्रोलही तेलात मिसळते. अशा दहा-बारा रविवारांनी सायलेन्सर आतून गळू लागतो. बंद गॅरेजमधील कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेऊ शकतो, हे वेगळेच. गाडी सुरू करायची तर कोरड्या दिवशी, रस्त्यावर मीठ नसताना, तीसेक किलोमीटर चालवून आणावी. नाहीतर तिला हात लावू नये.

गॅरेज उबदार हवे, हाही एक गोड गैरसमज. मिठाने माखलेली ओली गाडी उबदार, बंद खोलीत उभी केली तर गंजाला हवे ते सगळे एकत्र मिळते, कारण उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते. त्यापेक्षा तीन बाजूंनी उघडी, वारा खेळणारी पडवी बरी. बंद गॅरेजच असेल तर हवा कोरडी करणारे यंत्र लावून आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर ठेवता येते. मिठाची ७५ ची सीमा ओलांडली जात नाही, म्हणजे शिल्लक राहिलेले मीठही निद्रिस्त राहते. प्लास्टिकचे आच्छादन टाळावे. त्याखाली घाम धरतो.

बाकी बाबी थोडक्यात. हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो ड्रमला चिकटतो. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. क्लचचे पातेही गंजून चिकटते, म्हणून काही मालक पायडल दाबलेल्या स्थितीत लाकडाची फळी अडकवून ठेवतात. बॅटरी काढून चार्जरवर ठेवावी. पूर्ण उतरलेली बॅटरी साध्या गारठ्यातही गोठते आणि फुटते. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वसाधारण झाले. जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांपर्यंतचे महागडे पेट्रोल त्या वेळी कायम ठेवण्यात आले. इथेनॉल पाणी शोषते. गाडी चार महिने उभी राहिली आणि टाकी अर्धी रिकामी असली तर रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी त्यात उतरते, पुरेसे झाले की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसते आणि टाकीचा पत्रा आतून गंजू लागतो. जुन्या काळातील रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ पडून झिरपू लागतात. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल भारतात आल्यानंतर येथील पद्मिनी आणि अँबेसेडरच्या मालकांपुढेही हीच काळजी उभी आहे. उपाय दोन्हीकडे सारखे आहेत. इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या बसवाव्यात. आणि दीर्घ मुक्कामाआधी कमीत कमी इथेनॉल असलेल्या पेट्रोलने टाकी काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी.

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्या सुमारास गॅरेजची दारे उघडू लागतात. मीठ पसरणाऱ्या गाड्या तोवर बहुधा थांबलेल्या असतात, पण रस्त्याच्या कडेला आणि खड्ड्यांत महिन्यांचे मीठ साचलेले असते. जाणते मालक म्हणूनच पहिल्या उन्हाला भुलत नाहीत. दोन-तीन मोठे पाऊस पडून रस्ते धुऊन निघेपर्यंत ते थांबतात. त्या अवधीत गाडी ठोकळ्यांवर चढते, चाके निघतात आणि मालक एका हातात दिवा व दुसऱ्या हातात बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरतो. तो पत्र्याच्या पेट्यांवर ठिकठिकाणी ठोकत जातो. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो; आतून खाल्लेला पत्रा बद्द आवाज देतो, आणि कधी कधी स्क्रूड्रायव्हर सरळ आत जातो.